पिंपरीत जोडलेली डब्ल्यू १२४ मर्सिडीज : खरेदी, दुरुस्तीचा क्रम आणि देखभाल

मर्सिडीज-बेंझ आणि टेल्को (आजची टाटा मोटर्स) यांनी १९९४ मध्ये मिळून भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात ई २२० व ई २५० डिझेल या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. या दोन्ही गाड्या डब्ल्यू १२४ या मालिकेतल्या. जर्मनीत ही मालिका १९८४ च्या अखेरीस सादर झाली होती, त्यामुळे पिंपरीत पोहोचेपर्यंत तिच्या रचनेतल्या बहुतेक खोडी दहा वर्षांच्या उत्पादनात निघून गेल्या होत्या. जगभरात पंचवीस लाखांहून अधिक डब्ल्यू १२४ बनल्या. जर्मनीत त्यांतल्या कित्येक टॅक्सी म्हणून राबल्या आणि त्यांची इंजिने लाखो किलोमीटर चालली. आजही पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात यांतल्या बऱ्याच गाड्या कुठे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तर कुठे बंगल्याच्या शेडमध्ये उभ्या असतात आणि योग्य हातात पडल्या तर रोजच्या वापरालाही पुऱ्या पडतात.

माझ्याकडे १९९६ ची ई २२० आहे आणि एका जवळच्या मित्राकडे ई २५० डिझेल. या दोन गाड्यांवर काम करताना एक गोष्ट मनावर पक्की ठसली, ती अशी की या गाडीचे वय किलोमीटरच्या काट्यावरून ठरवू नये. तिचे लोखंडी भाग फार सावकाश झिजतात. पण रबर, वायरींवरचे आवरण, प्लास्टिकचे पाइप आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, हे गाडी उभी असली तरी म्हातारे होत राहतात. म्हणून चाळीस हजार किलोमीटर चाललेली, पण दहा वर्षे शेडमध्ये पडून असलेली गाडी ही तीन लाख किलोमीटर नियमित चाललेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा जास्त काम मागते. पुढे सांगितलेला कामांचा क्रम याच हिशेबाने लावलेला आहे.

गाडी घेण्यापूर्वी

पाहायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोनवर एकच विनंती करावी, की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसे उठते, त्या वेळी धूर कोणत्या रंगाचा निघतो, इंजिनच्या आतल्या टायमिंगच्या साखळीचा खडखडाट किती सेकंद टिकतो, हे सर्व पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळते आणि गरम इंजिनात ते झाकले जाते. निळसर धूर थोडा येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हवरून तेल आत गळू न देणारी रबरे, कडक झालेले असतात, आणि ते काम आवाक्यातले असते. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसला किंवा तेलाच्या झाकणाखाली साईसारखा थर आढळला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधली पट्टी, गेल्याचा संशय धरून किंमत बोलावी.

इंजिन ऐकून झाले की चासी क्रमांक पाहावा. ई २२० चा मूळ प्रकार १२४.०२२ आणि ई २५० डिझेलचा १२४.१२६, आणि हे आकडे चासी क्रमांकातच गुंफलेले असतात. आरसी, बॉनेटखालची पट्टी आणि बॉडीवर कोरलेला क्रमांक हे तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. इंजिन क्रमांकही पाहावा, कारण जुन्या डिझेल गाड्यांत दुसरे इंजिन बसवल्याची नोंद आरटीओकडे केलेलीच नाही, असे प्रकार आढळतात आणि पुढे नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी त्याचा फार मनस्ताप होतो.

गंज शोधताना रंगाच्या चकाकीकडे लक्ष देऊ नये. १९८९ नंतरच्या गाड्यांच्या दारांखाली प्लास्टिकचे रुंद पट्टे असतात आणि त्यांच्या आड चिखल साचून पत्रा आतून खातो. जॅक लावायच्या भोकांवरची झाकणे काढून आत टॉर्च मारावी, पुढच्या मडगार्डची इंडिकेटरजवळची कड बोटाने चाचपावी, पुढची आणि मागची काच जिथे पत्र्याला टेकते तिथे रंगाखाली फोड आहेत का पाहावे. मागच्या सस्पेन्शनच्या खालच्या दांडीवर, म्हणजे ज्यावर स्प्रिंग बसते तिच्यावर, प्लास्टिकचे आवरण असते. तेही काढून पाहावे, कारण आवरणामुळे तिथला गंज वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेस पडत नाही. शेवटी पायाखालचे कार्पेट उचलून हाताने दाबावे. ते ओलसर लागले, तर पाण्याचा मार्ग कुठून आहे हे कळेपर्यंत सौदा पुढे नेऊ नये.

पेट्रोल की डिझेल, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ई २२० मधले २.२ लिटरचे एम १११ इंजिन १५० अश्वशक्तीचे आहे आणि शहरात चालवायला ते सुखाचे आहे. डिझेलचे २.५ लिटरचे ओएम ६०५ इंजिन पाच सिलिंडरचे व वीस व्हॉल्व्हचे, ११३ अश्वशक्तीचे. ते घाईचे नाही, पण लांबच्या रस्त्यावर त्याचा दम टिकतो. ज्याचे बहुतेक फिरणे पाच-सात किलोमीटरचे आहे त्याने पेट्रोलच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या महिन्यातली कामे

गाडी घरी आली की सीट कव्हर, टेप आणि पॉलिश यांच्या आधी सगळी द्रवे बदलावीत, कारण आधीच्या मालकाने काय केव्हा घातले याची खात्रीलायक नोंद क्वचितच मिळते. इंजिन ऑइल व फिल्टर, गिअर ऑइल, डिफरन्शियलचे तेल, ब्रेक ऑइल आणि कूलंट एकाच सपाट्यात बदलून त्या तारखेपासून वही सुरू करावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी कमी चालली तरी ते दर दोन वर्षांनी बदलावे. प्रत डॉट ४. पॉवर स्टीअरिंगच्या टाकीच्या तळाशी एक छोटा फिल्टर असतो. तो बहुतेक गॅरेजांत कुणाच्या लक्षातच येत नाही आणि कित्येक गाड्यांत तो कारखान्यातून आला तसाच असतो. ऑटोमॅटिक गिअर असेल, तर ऑइल पॅनबरोबर टॉर्क कन्व्हर्टरचाही ड्रेन बोल्ट उघडावा. नाहीतर निम्मेअधिक जुने तेल आतच राहते. नंतर तेलाची पातळी इंजिन गरम व चालू असताना, गिअर ‘पी’ मध्ये ठेवून मोजावी.

आता कूलिंगकडे वळू, आणि इथे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण आपल्या हवामानात ही गाडी सर्वांत जास्त याच कारणाने रस्त्यात थांबते. आपल्याकडे कूलंट कमी झाले की नळाचे पाणी ओतायची सवय आहे. माझ्या गाडीत आधीच्या काळात हेच झाले होते. घेतल्यावर दोन महिन्यांतच खंबाटकी घाटाच्या चढावर बॉनेटखालून वाफ आली, आणि उघडून पाहतो तो वरचा होज पाइप क्लिपसह मोकळा लोंबत होता. रेडिएटरचे प्लास्टिकचे तोंड त्याच्या आत तसेच अडकलेले होते. तुटलेली कड पिवळट, खडूसारखी ठिसूळ झाली होती आणि नखाने तिचा भुगा पडत होता. या रेडिएटरच्या दोन्ही टाक्या प्लास्टिकच्या असतात आणि वयाने त्या अशाच तुटतात. म्हणून रेडिएटर किती जुना आहे हे माहीत नसेल, तर तो गळायची वाट न पाहता बदलावा, आणि त्याबरोबर वरचा-खालचा होज पाइप, थर्मोस्टॅट व टाकीचे झाकण हेही बदलावे.

कूलंट बदलायची पद्धत अशी. इंजिन पूर्ण थंड असताना हीटरची दोन्ही बटणे सर्वांत गरम बाजूला फिरवावीत, म्हणजे हीटरच्या आतले पाणीही बाहेर येते. रेडिएटरचा खालचा स्क्रू आणि इंजिन ब्लॉकचा ड्रेन बोल्ट हे दोन्ही उघडावेत. फक्त रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमधला गाळ तसाच राहतो. डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन गरम करून, गार होऊ देऊन पुन्हा रिकामे करावे आणि निघणारे पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहावे. मग मर्सिडीजच्या मान्यतेचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. झाकण उघडे ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. तापमानाचा काटा साधारण ८५-९० अंशांवर राहायला हवा. वाहतुकीत तो थोडा वर चढून परत खाली येत असेल तर घाबरू नये, पण चढून तिथेच राहत असेल, तर पंख्याचा क्लच आणि एसी लावल्यावर पुढचे विजेचे पंखे फिरतात की नाही, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात.

इंधनाच्या रबरी नळ्याही याच महिन्यात बदलाव्यात. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले, आणि नव्वदच्या दशकातल्या नळ्या, ओ-रिंगा त्या पेट्रोलासाठी केलेल्या नव्हत्या. इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीची नळी व नव्या क्लिपा घ्याव्यात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत ओलावा कमी धरतो.

पेट्रोल गाडीची वायरिंग

१९९२ ते १९९५ च्या सुमारास मर्सिडीजच्या अनेक पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगवर जे आवरण वापरले गेले, ते इंजिनच्या उष्णतेने सुकून झडते. जगभरातले डब्ल्यू १२४ चे मालक या दोषाशी परिचित आहेत, आणि पिंपरीत जोडलेल्या पेट्रोल गाडीतही तो गृहीत धरून तपासणी करणे शहाणपणाचे. लक्षणे फसवी असतात. गाडी कधी मिसिंग मारते, कधी आयडलिंगला डुलते, कधी पेट्रोल जास्त पिते. मेकॅनिक प्लग बदलतो, सेन्सर बदलतो, कॉइल बदलतो आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार परत येते.

तपासणी घरी करता येते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरकडे किंवा इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरींवरची काळी बाहेरची नळी इंचभर मागे सरकवावी आणि आतली एक वायर हलकेच वाकवावी. निरोगी वायर रबरासारखी वळते. बिघडलेल्या वायरीचे आवरण वाळलेल्या शेवईसारखे कट्कन मोडते, त्याचे तुकडे हातावर पडतात आणि आतली तांब्याची तार उघडी दिसते. असे आढळले तर गाडी चालवणे थांबवावे, कारण दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो आणि तो वायरिंगपेक्षा कितीतरी महाग आहे. आधीच्या मालकाने वायरिंग बदलले असेल, तर नव्या वायरिंगवर बहुधा तारखेची चिठ्ठी असते, ती शोधावी.

नवी वायरिंग मिळाली तर उत्तमच. नाहीतर जुन्या वायरिंगचे मूळ कनेक्टर वापरून, तेवढ्याच जाडीची, उष्णता सोसणारी वायर घालून नवी बांधणी करता येते. एखादा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम तीन-चार दिवसांत करतो. सांधे चिकटपट्टीने बांधलेले मान्य करू नयेत, प्रत्येक टर्मिनल नीट क्रिंप केलेले असावे. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल ॲक्च्युएटरच्या आतही याच प्रकारची वायर असते. बाहेरचे सगळे वायरिंग बदलून ॲक्च्युएटर तसाच ठेवला, तर निम्मा आजार गाडीतच राहतो.

डिझेल गाडीचे हीटर प्लग आणि हवा

थंड डिझेल इंजिन पेटावे म्हणून आतली जागा तापवणारे हीटर प्लग ओएम ६०५ मध्ये इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली दडलेले असतात, त्यामुळे ते वर्षानुवर्षे कुणी काढत नाही. हेड ॲल्युमिनियमचे, प्लग त्यात काजळीने व गंजाने घट्ट धरून बसतो. मित्राच्या गाडीत थंड इंजिनावर लांब पान्याने जोर लावल्याने एक प्लग आतच तुटला, आणि तो काढायला हेड खाली घ्यावे लागले. ते पाहिल्यापासून आम्ही हे काम असे करतो : आठवडाभर आधीपासून प्लगच्या बुडाशी रोज थोडे गंज सोडवणारे तेल सोडायचे, काम करायच्या दिवशी इंजिन पूर्ण गरम करायचे आणि कमी जोरावर लावलेला टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच पिळणारा पाना) वापरायचा. प्लग हलत नसेल, तर पुन्हा तेल सोडून, गाडी दोन-तीन दिवस चालवून मगच परत प्रयत्न करायचा. नवा प्लग बसवताना भोकातली काजळी साफ करणे विसरू नये. इंजिन चालू झाल्यावर हीटरचा दिवा पुन्हा पेटून काही वेळ तसाच राहिला, तर एखादा प्लग गेला आहे असे समजावे.

प्लग ठीक असूनही सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, तेव्हा डिझेलच्या नळ्यांकडे पाहावे. पंपाभोवतीच्या नळ्या पारदर्शक प्लास्टिकच्या आहेत आणि त्यांच्या टोकांना ओ-रिंगा आहेत. इंजिन चालू असताना त्या नळ्यांत बुडबुडे सरकताना दिसले, तर हवा आत शिरते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरते. २०२० पासून आपल्याकडे आलेल्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये जुन्या ओ-रिंगा आकसतात, हेही यामागचे एक कारण आहे. सगळ्या नळ्या आणि ओ-रिंगा एकाच वेळी बदलाव्यात. एकेक बदलत गेले तर गळती पुढच्या सांध्याकडे सरकते. ओ-रिंगा फार स्वस्त असतात, पण त्या व्हिटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्याच मागाव्यात.

सस्पेन्शन, स्टीअरिंग आणि बाकीचे रबर

मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्या आहेत आणि प्रत्येकीच्या टोकांना बुश, म्हणजे धक्के सोसणारी रबरी कडी. गाडी वळणावर मागून सरकल्यासारखी वाटत असेल, तर दांड्यांचे बुश आणि मागच्या सबफ्रेमची (दांड्या ज्या चौकटीला जोडलेल्या असतात तिची) माउंटिंग तपासावी. पुढे खालच्या आर्मचे बुश व बॉल जॉइंट, स्टीअरिंगमध्ये आयडलर आर्मचे बुश आणि स्टीअरिंग डॅम्पर. हे सर्व बदलूनही स्टीअरिंग ढिले लागले, तरच स्टीअरिंग बॉक्सचा स्क्रू अगदी थोडा घट्ट करावा. आधीच तो पिळला तर स्टीअरिंग वळल्यावर परत येत नाही आणि बॉक्स कायमचा खराब होतो.

एक नियम प्रत्येक फिटरला समोर उभे राहून सांगावा. बुशचे बोल्ट गाडी घोडीवर उचललेली असताना शेवटचे आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन सस्पेन्शनवर आल्यावर आवळावेत. लोंबत्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळला जातो आणि वर्षभरात फाटतो. चाकांच्या बोल्टला ११० न्यूटन-मीटर इतका टॉर्क द्यावा. हवेच्या गनने आवळलेले बोल्ट पंक्चरच्या वेळी रस्त्यात सुटत नाहीत. टायरचे मूळ माप १९५/६५ आर १५ आहे आणि ते आजही सहज मिळते.

आयडलिंगला स्टीअरिंग थरथरत असेल तर इंजिनची रबरी माउंटिंग दबून खाली बसलेली असतात. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी कपलिंगे आणि मधले बेअरिंगही त्याच वेळी पाहून घ्यावे.

फ्यूज

डब्ल्यू १२४ मधले फ्यूज जुन्या पद्धतीचे, सिरॅमिकच्या अंगावर धातूची पट्टी असलेले, दोन्ही टोकांना टोकदार आहेत. टोकांवर पांढरट थर चढतो आणि फ्यूज शाबूत असूनही वीज नीट जात नाही, त्यामुळे वायपर रेंगाळतो, काच अर्ध्यावर अडते. मोटर बदलण्याआधी फ्यूज बॉक्सचे झाकण काढावे, प्रत्येक फ्यूज बोटाने जागेवरच दोन-तीनदा फिरवावा आणि कामात फरक पडला तर सगळा संच नवा घालावा. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा, निळा २५ चा. रंग बदलून घालू नये.

पावसाळ्याआधी

मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस या कामाला द्यावा. या गाडीचे बॉनेट बिजागरीजवळची कडी दाबली की थेट ९० अंशांत उभे राहते आणि काम फार सोपे होते. काचेखालच्या खोबणीत गुलमोहराची पाने, कडुनिंबाच्या काड्या साचून पाणी जायची भोके बुजतात. मग पाणी ब्लोअरमध्ये आणि तिथून पायाखाली उतरते. ही भोके आणि बॅटरीच्या ट्रेखालचे भोक मोकळे करावे. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांच्या नळ्यांत नायलॉनची बारीक दोरी घालून त्या साफ कराव्यात. दाबाची हवा मारू नये, नळी आत सांध्यातून निसटते. एकच वायपर असलेल्या या गाडीत तो वायपर फिरताना आतबाहेर सरकून काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याच्या गिअरमध्ये वर्षातून एकदा ग्रीस भरावे.

सुटे भाग आणि कागदपत्रे

भाग नावाने मागू नये, क्रमांकाने मागावा. मर्सिडीजच्या भागाचा क्रमांक ‘ए’ ने सुरू होतो आणि पुढचे तीन आकडे बहुधा मालिकेचे असतात : १२४ म्हणजे गाडीचा, १११ म्हणजे पेट्रोल इंजिनचा, ६०५ म्हणजे डिझेल इंजिनचा. लेमफर्डर, बॉश, मान, बेअर, साक्स या कंपन्यांचे भाग बहुधा कंपनीच्या पेटीतल्या भागांइतकेच चांगले आणि स्वस्त असतात. सस्पेन्शन आणि ब्रेक यांत बिननावाचा भाग कधीही घेऊ नये. उलट दाराची हँडले, डॅशबोर्डचे प्लास्टिक, सीटची बटणे हे जुने, पण शाबूत मिळाले तर घेऊन ठेवावेत. एसीचा इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा गार करणारा भाग, डॅशबोर्डच्या आत खोल असतो. डॅशबोर्ड एकदा उतरवला, की हीटर कोअर व तिथले सगळे पाइपही त्याच वेळी बदलून घ्यावेत.

खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे वैध असते. नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत करता येतो आणि तो त्याच काळात करावा. २०२२ च्या एप्रिलपासून नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. परदेशातून आणलेल्या गाडीला याहून कितीतरी जास्त पडते, म्हणूनही पिंपरीत जोडलेली गाडी घेणे सोयीचे आहे. व्हिंटेज नोंदणीची सवलत पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना आहे, तेव्हा १९९६ च्या गाडीला ती २०४६ पर्यंत लागू होत नाही. विमा काढताना गाडीची किंमत कंपनीशी बोलून, फोटो आणि कामांची बिले दाखवून लेखी ठरवून घ्यावी. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत परस्परसंमतीनेच ठरते.

गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास चालवावी आणि त्या वेळात एसी, सगळ्या काचा, सनरूफ, पायाने दाबायचा पार्किंग ब्रेक हे सर्व एकेकदा वापरावे. पाच मिनिटे जागेवर इंजिन चालू ठेवून बंद केल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि तेल पुरेसे गरम होत नाही. मी रविवारी सकाळी साडेसहाला निघतो, कात्रजचा घाट चढून खेड शिवापूरपर्यंत जातो आणि परततो. घरी आल्यावर इंजिन गार होईपर्यंत थांबून कूलंटची पातळी, तेल आणि गाडीखालच्या पुठ्ठ्यावर पडलेले थेंब पाहतो, आणि जे दिसले ते किलोमीटरसह वहीत लिहितो.